बोकडाचं हृदय वर्गात उघडताना : नव्या विज्ञान शिक्षकांसाठी

मटणाच्या दुकानात जाऊन 'काळीज द्या' म्हटलंत तर तुम्हाला यकृत मिळेल. आपल्या बोलण्यात काळीज धडधडतं, तुटतं, वाघाचंही असतं. पण दुकानातलं काळीज म्हणजे कलेजी. हृदयाला तिथे 'दिल' म्हणतात. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. आदल्या संध्याकाळी पिशवी घेऊन घरी आले, उघडली, आणि दुसऱ्या दिवशीचा तास पुढे ढकलावा लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सुरुवात इथूनच केली.

आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या आणि आजवर वर्गात विच्छेदन न केलेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. रक्ताभिसरणाचा पाठ झाला की मी दर हिवाळ्यात बोकडाचं हृदय मुलांच्या हातात देते. त्या अनुभवातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते : कात्री शेवटी. आधी डोळे, मग बोट, मग पाणी, आणि त्यानंतर कात्री. एकदा कापलं की निम्मे प्रश्न विचारायची संधी गेलेली असते. नव्या शिक्षकाला मात्र 'विच्छेदन' म्हटल्यावर पहिल्यांदा पातंच आठवतं, आणि तास तिथेच बिघडतो.

बेडूक नको

आमच्या पिढीने कॉलेजात बेडूक कापला. मला त्यातलं आज आठवतं ते मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेले पाय आणि क्लोरोफॉर्मचा वास. हृदयाचे कप्पे आठवत नाहीत, कारण ते इतके लहान होते की मला नीट दिसलेच नव्हते. शिवाय बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं. दोन अलिंदं म्हणजे वरचे कप्पे, आणि एकच निलय म्हणजे खालचा कप्पा. माणसाचं रक्ताभिसरण शिकवायला ते कामाचं नाही.

कायद्याची दिशाही स्पष्ट आहे. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग शक्यतो टाळावेत, असं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १७ व्या कलमात म्हटलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते थांबवायलाच सांगितलं. कॉलेजात जे थांबलं ते शाळेत सुरू करण्याचं काहीच कारण नाही. तासासाठी एकही जीव जाता कामा नये. खाण्यासाठी कापलेल्या बोकडाचं हृदय वापरताना ही अट पाळली जाते, आणि तासाच्या सुरुवातीला मी मुलांना हेच पहिलं वाक्य सांगते.

बोकडच का? बैल किंवा म्हशीचं हृदय मोठं, त्यात झडपा सुरेख दिसतात. पण गोवंशाच्या कत्तलीवर महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे, आणि म्हशीचं हृदय असलं तरी वर्गात नको ती शंका उभी राहते. डुकराचं हृदय माणसाच्या हृदयाशी पुष्कळ मिळतंजुळतं, पण वर्गातली काही मुलं ते हातात घेणार नाहीत. बोकडाला मटण खाणाऱ्या कोणाचीच तशी हरकत नसते. त्याचं हृदय आपल्या मुठीएवढं किंवा थोडं लहान, चार कप्प्यांचं, झडपा आपल्यासारख्याच.

वार, महिना आणि पालकांना चिठ्ठी

श्रावण, गणपती, नवरात्र हे दिवस सोडा. मार्गशीर्षातले गुरुवारही सोडा. एरवीही सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशीला दुकानात माल कमी असतो आणि घरोघरी उपास असतात. रविवारी माल भरपूर, पण शाळा बंद. उरतात बुधवार आणि शुक्रवार. मी जानेवारीतला बुधवार धरते; हवाही थंड असते. रमजान चालू असेल तर रोजा ठेवलेल्या मुलांचा विचार करून तारीख बदला, उपाशीपोटी चक्कर लवकर येते.

तास शेवटचा आणि जोडून घ्या. मधल्या सुट्टीच्या आधी घेतला तर मुलं डबा खात नाहीत, लगेच नंतर घेतला तर काहींना मळमळतं. शेवटच्या तासाचा आणखी एक फायदा म्हणजे मागचं आवरायला कोणी घाई करत नाही.

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवा. मी पाठवते ती अशी :

'येत्या बुधवारी विज्ञानाच्या तासाला, मटणाच्या दुकानातून आणलेल्या बोकडाच्या हृदयाचे निरीक्षण व विच्छेदन करण्यात येणार आहे. या तासासाठी कोणताही प्राणी मारला जाणार नाही. आपल्या पाल्याने यात भाग घेऊ नये असे वाटत असल्यास कळवावे. कारण देण्याची आवश्यकता नाही. त्या वेळी पाल्यास त्याच पाठावरील दुसरे काम देण्यात येईल व गुणांवर परिणाम होणार नाही.'

'कारण देण्याची आवश्यकता नाही' हे वाक्य गाळू नका. जैन किंवा वारकरी घरातल्या, गळ्यात माळ असलेल्या मुलाला चाळीस जणांसमोर आपलं घर समजावून सांगायला लावणं बरोबर नाही. आणि हरकत फक्त धर्माचीच असते असंही नाही. एका वर्षी एक मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, आमच्यात शेळ्या आहेत. मागच्याच आठवड्यात दोन बोकड विकले." त्याला ते बघवणार नव्हतं. मी त्याला दुसऱ्या गटात बसवलं.

हा दुसरा गट म्हणजे शिक्षा वाटता कामा नये. त्यांना खरं काम द्या : स्टेथोस्कोप, घड्याळ आणि मैदान. बसून नाडी मोजायची, मैदानाला दोन फेऱ्या मारून मोजायची, मग ती मूळ आकड्यावर यायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. हे आकडे तासाच्या शेवटी सगळ्यांना लागणार आहेत, त्यामुळे त्यांच्यावाचून तास अडतो.

दुकानात काय सांगायचं

दोन दिवस आधी दुकानात जा, गर्दी नसताना. मोकळेपणाने सांगा की शाळेसाठी हवं आहे. आमचे चाचा तर आता जानेवारी लागला की स्वतःच विचारतात, "बाई, यंदा किती दिल?"

एका बोकडाला एकच हृदय असतं, हे उघड असलं तरी हिशेबाच्या वेळी विसरायला होतं. ज्या दुकानात दिवसाला तीन-चार बोकड कापले जातात तिथून दहा हृदयं एका सकाळी मिळणार नाहीत. साठ मुलांच्या वर्गाला मी पाच हृदयं घेते. तीस-तीस मुलांच्या दोन तुकड्या, एका हृदयाभोवती सहा जण. दुसऱ्या तुकडीचा तास दुसऱ्या आठवड्यात, पुन्हा ताज्या हृदयांवर. सहापेक्षा जास्त मुलं एका ट्रेभोवती उभी राहिली की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात.

खाटकाला तीन गोष्टी नेमक्या सांगाव्या लागतात. पहिली, वरच्या नळ्या कापू नका. खाणाऱ्याला त्या नको असतात म्हणून सवयीने वरचा सगळा भाग छाटून टाकला जातो आणि तुमच्या हाती नुसता मांसाचा गोळा येतो. महाधमनी किमान दोन बोटं लांब राहिली पाहिजे. दुसरी, चीर देऊ नका. रक्त निघून जावं म्हणून पुष्कळदा हृदयाला उभी चीर दिलेली असते. तसं हृदय पाणी धरत नाही आणि सगळ्यांत चांगला प्रयोग बुडतो. तिसरी, वरची पातळ पिशवी राहू द्या. हे हृदयावरण. एखाद्या हृदयावर ते राहिलं तरी पुरे.

जमलं तर एक हृदय फुफ्फुसं आणि श्वासनळीसकट घ्या. हृदय नेमकं कुठे बसतं आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाहिन्या किती आखूड असतात हे त्याशिवाय कळत नाही. फुफ्फुस फुगवून दाखवायचं असेल तर सायकलचा पंप वापरा, तोंडाने अजिबात फुंकू नका.

आणलेली हृदयं थंड पाण्याने धुवा. आत रक्ताच्या गुठळ्या असतात, कलेजीच्या तुकड्यांसारख्या दिसतात. वर्गात त्या बाहेर आल्या की मुलं दचकतात, म्हणून घरीच वरच्या नळ्यांतून नळाची धार सोडून, हलके दाबून काढून टाका. झाकणाच्या डब्यात, डब्यावर ठळक अक्षरांत लिहून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तम राहतात. जास्त दिवस ठेवायची तर बर्फाच्या कप्प्यात, आणि तासाच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून. शाळेत नेताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फ. पोषण आहाराच्या खोलीजवळ हे खोकं ठेवू नका.

फॉर्मॅलिन वापरू नका. ते कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे, डोळे चुरचुरतात, आणि त्यात ठेवलेल्या हृदयाच्या झडपा इतक्या ताठ होतात की उघडझाप दिसतच नाही.

आधी घरी, एकट्याने

एक हृदय जास्तीचं आणा आणि आदल्या संध्याकाळी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून स्वतः उघडा. पुस्तकातल्या आकृतीवर विसंबून थेट वर्गात उघडलंत तर पहिल्याच मिनिटाला अडाल, कारण आकृतीतलं हृदय पसरट असतं आणि खरं हृदय पीळ घातल्यासारखं. उजव्या निलयातून निघणारी फुफ्फुस धमनी महाधमनीच्या पुढून तिरकी वळून डावीकडे जाते. सपाट चित्रात हा वळसा कळत नाही.

साहित्य

प्रत्येक गटाला एक स्टीलचं ताट, एक कात्री, एक चिमटा, पट्टी, ड्रॉपर किंवा लहान पिचकारी, पाण्याचा ग्लास, जुनं सुती फडकं. कात्रीचं एक टोक बोथट हवं. ते टोक आत घालायचं, म्हणजे झडपा फाटत नाहीत. स्वेटर विणायची जाड सुई नळ्यांचा माग काढायला उत्तम. लाल आणि निळी लोकर थोडी. टाचण्यांना कागदाचे झेंडे लावून त्यावर नावं लिहून ठेवा. सुरी आणि ब्लेड मुलांच्या हाती द्यायचं नाही. त्याची गरजही पडत नाही.

हातमोजे सगळ्यांना. रबराची अॅलर्जी कुणाला आहे का हे आधी विचारा. शेळ्या-मेंढ्यांपासून माणसाला ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, म्हणून हातावर ताजी जखम असलेल्या मुलाने हात लावू नये, फक्त नोंदी घ्याव्यात. लांब केस बांधलेले, बाह्या वर, टेबलावर डबा किंवा पाण्याची बाटली नाही. खिडक्या उघड्या. कुणाला गरगरल्यासारखं वाटलं तर लगेच खाली बसायचं, हे आधीच सांगून ठेवा. उभ्याने सहन करत राहणारी मुलंच पडतात. चक्कर आलीच तर आडवं करून पाय थोडे उंच.

पहिली वीस मिनिटं : फक्त डोळे आणि बोट

ताट समोर ठेवा आणि कात्र्या स्वतःच्या टेबलावर ठेवून घ्या. हे मी दरवर्षी करते.

पहिला प्रश्न : याची पुढची बाजू कोणती? मुलं पाच मिनिटं गोंधळतात, गोंधळू द्या. खुणा अशा. पुढच्या बाजूला चरबीची एक तिरकी रेघ वरून खाली उतरते, तिच्यात हृदयाला स्वतःला रक्त पुरवणारी वाहिनी दिसते. याच बाजूने दोन्ही अलिंदांच्या कानासारख्या पाळ्या डोकावतात. जुन्या पुस्तकांत अलिंदाला 'कर्णिका' आणि निलयाला 'जवनिका' म्हणत. ही पाळी पाहिली की कर्णिका हा शब्द कुठून आला ते सांगावं लागत नाही.

मग हृदयाचा उजवा-डावा. बोकड आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं समजा. त्याचा डावा तो आपला उजवा. पुन्हा पुन्हा चुकतं, म्हणून आता बोटांनी दाबायला सांगा. एक बाजू घट्ट, टणक लागते, दुसरी मऊ आणि सैल. टणक ती डावी. टोकही डाव्या निलयाचंच असतं. इथे कारण सांगू नका. 'घट्ट का असेल?' हा प्रश्न फळ्यावर लिहून तसाच सोडा.

आता वरच्या नळ्या. सगळ्यांत जाड, रबरी, दाबली तरी पुन्हा गोल होणारी नळी म्हणजे महाधमनी. तिच्यापुढे, किंचित पातळ, फुफ्फुस धमनी. पातळ भिंतींच्या, दाबल्या की चपट्या होणाऱ्या त्या शिरा. घरी आजोबा कदाचित यांना रोहिणी आणि नीला म्हणतील; तेही शब्द सांगा. धमनी आणि शिरा यांतला फरक व्याख्या पाठ करून कळतो त्यापेक्षा दोन बोटांत धरून शंभर पटीने कळतो. महाधमनी आणि फुफ्फुस धमनी यांना जोडणारी एक बारीक, घट्ट दोरी चरबी बाजूला केल्यावर सापडते. पिल्लू आईच्या पोटात असताना फुफ्फुसं चालू नसतात, तेव्हा रक्त या वाटेने फुफ्फुसं टाळून जातं. जन्मानंतर वाट बंद होते आणि दोरी उरते.

महाधमनी लांब राहिली असेल तर एखादं चौकस पोर विचारेल की पुस्तकात कमानीला तीन फांद्या आहेत, इथे एकच कशी. बरोबर आहे त्याचं. माणसात तीन निघतात. शेळी, मेंढी, गाय यांत एकच जाड फांदी निघते आणि पुढे तिचे फाटे होतात. असा प्रश्न आला की मला त्या दिवशी फार आनंद होतो.

मग बोट आत. महाशिरेतून, म्हणजे शरीरातलं रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या शिरेतून, बोट घातलं की उजव्या अलिंदात जातं, तिथून खाली ढकललं की उजव्या निलयात. महाधमनीतून सुई घातली तर कुठे जाते? डाव्या निलयात. प्रत्येक मुलाला एकदा तरी बोट घालू द्या. वाट सापडली की उजव्या बाजूच्या नळ्यांत निळी लोकर, डाव्या बाजूच्या नळ्यांत लाल लोकर ओवायची. याच वेळी आवर्जून सांगा की रक्त कधीच निळं नसतं. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं, निळा रंग फक्त आकृतीतला.

पाणी

पूर्ण तासातली ही सगळ्यांत देखणी पाच मिनिटं. हृदय उभं धरा आणि महाधमनीत पिचकारीने पाणी सोडा. पाणी आत जाईल असं सगळ्यांना वाटतं, पण ते नळीत भरून उभं राहतं. तळाशी चंद्रकोरीच्या आकाराच्या तीन झडपा फुगून एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. मुलं श्वास रोखून बघतात. थोड्या वेळाने पातळी हळूहळू उतरते. झडप गळते असं वाटेल, पण बऱ्याचदा तसं नसतं. झडपेच्या लगेच वर महाधमनीच्या भिंतीत दोन बारीक भोकं असतात, तिथून पाणी हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांत जातं. हृदयविकाराच्या झटक्यात जी वाहिनी तुंबते ती हीच. घरातल्या कोणाची अँजिओप्लास्टी झालेली मुलं वर्गात असतातच. ती इथे एकदम बोलायला लागतात. पाच मिनिटं जास्त गेली तरी त्यांना बोलू द्या.

हाच प्रयोग फुफ्फुस धमनीत करा. मग उजव्या अलिंदातून निलयात पाणी भरा आणि निलय बाहेरून हलके दाबा. त्रिदली झडपेचे पडदे वर येऊन तोंड बंद करताना दिसतात.

आता कात्री

सुश्रुतसंहितेत शरीर आतून पाहण्याची एक रीत दिली आहे. मृतदेह गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळा, बांबूची साल वगैरेंच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहायचा. घाई न करता थराथराने बघण्याची ती शिस्त मला फार मोलाची वाटते, म्हणून कात्र्या वाटताना मी हे सांगते.

पहिला छेद उजव्या बाजूला. वरच्या महाशिरेतून बोथट टोक आत, उजवं अलिंद उघडत, निलयाच्या बाहेरच्या कडेने खाली. चरबीची तिरकी रेघ ओलांडायची नाही. पुस्तकासारखं उघडा. अलिंदात महाशिरांची दोन तोंडं दिसतील आणि जवळच एक तिसरं भोक. हृदयाच्या स्वतःच्या भिंतीतलं रक्त तिथून परत येतं. दोन अलिंदांमधल्या पडद्यावर एक पातळ खळगा सापडतो. तीही गर्भावस्थेतली बंद झालेली वाट. निलयात झडपेच्या पडद्यांना खालून पांढरे, चिवट दोर बांधलेले दिसतात आणि ते दोर स्नायूंच्या उंचवट्यांना. छत्री वाऱ्याने उलटी होते तशी झडप उलटू नये यासाठी हे दोर आहेत. चिमट्याने एक ओढून पाहायला सांगा. किती मजबूत आहे ते हाताला कळतं. मधल्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीकडे पुलासारखा एक स्नायूचा पट्टा जातो, तो कापू देऊ नका. ठोक्याचा विद्युत संदेश बाहेरच्या भिंतीपर्यंत लवकर पोचवण्याचं काम तो करतो.

डावी बाजू अजून बंद आहे. इथे थांबा, कारण आता एक जुना वाद वर्गातच सोडवता येतो. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याचं म्हणणं होतं की दोन निलयांमधल्या भिंतीला न दिसणारी छिद्रं आहेत आणि रक्त तिथून उजवीकडून डावीकडे झिरपतं. हजाराहून जास्त वर्षं हे मानलं गेलं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहिलं की अशी छिद्रं नाहीत, रक्त फुफ्फुसांतूनच जातं. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने साधा हिशेब मांडला : एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त गुणिले अर्ध्या तासातले ठोके, तर शरीरात मुळात असतं त्यापेक्षा ते जास्त भरतं. म्हणजे तेच रक्त फिरतं आहे.

तर, उजव्या निलयातली मधली भिंत फडक्याने कोरडी करा. पाण्यात निळ्या शाईचे थेंब टाका, महाधमनी चिमटीत धरा, आणि डाव्या अलिंदातून ते पाणी डाव्या निलयात भरा. उजवीकडच्या कोरड्या भिंतीवर निळं काही उमटतं का ते सगळ्यांनी बघायचं. दोन-तीन मिनिटं वाट पाहा. काही उमटत नाही. उलट बाजूला, कापलेल्या कडेवरून पाणी ओघळलं तर मुलं लगेच 'गॅलेन बरोबर!' असं ओरडतात. तेव्हा ते कुठून आलं याचा माग काढायला लावा.

नंतर डावा छेद, डाव्या अलिंदापासून थेट टोकापर्यंत. आता पट्टी काढा आणि दोन्ही निलयांच्या भिंतींची जाडी मिलिमीटरमध्ये मोजा. डावी बहुधा उजवीच्या तिप्पट भरते. फळ्यावर लिहिलेल्या प्रश्नाकडे परत या. बहुतेक मुलं म्हणतील की डावी बाजू जास्त रक्त ढकलते. नाही, दोन्ही बाजू सारखंच रक्त ढकलतात. ढकलत नसत्या तर काही मिनिटांत सगळं रक्त एकाच बाजूला साठलं असतं. फरक दाबाचा आहे. माणसात डावं निलय पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या आसपास दाब निर्माण करतं, उजवं साधारण २५. फुफ्फुसं शेजारीच आहेत, पण डावीकडच्या रक्ताला खुरांपर्यंत जायचं असतं. डावा कप्पा आतून लहान का दिसतो हेही विचारलं जाईल. मृत्यूनंतर स्नायू आखडतात, त्यामुळे पोकळी आवळलेली असते.

शेवटी डाव्या निलयातून, द्विदली झडपेच्या पुढच्या पडद्यामागून कात्री वर नेत महाधमनी उघडा. मघाशी पाणी धरलेल्या तीन झडपा आता सपाट दिसतील. त्यांच्या मागच्या दोन भोकांत गवताची काडी घालून ती बाहेर चरबीखाली कुठे जाते ते बोटाने चाचपायचं.

आकृती याच वेळी काढायची, ताटाकडे बघून, पेन्सिलने. पुस्तक बंद. झेंडे लावलेल्या टाचण्या टोचायच्या आणि जे दिसलं तेवढ्यालाच नाव द्यायचं. सापडलं नाही ते रिकामं ठेवलं तरी मी गुण कापत नाही. पुस्तकातली आकृती उतरवली असेल तर कापते, आणि हे आधीच सांगते.

मैदानावरचा गट आता आत येतो. त्यांचे नाडीचे आकडे फळ्यावर. शेळीचे ठोकेही विश्रांतीत मिनिटाला साधारण ७० ते ९० असतात, म्हणजे आपल्या जवळपासच. मग सगळ्यांनी मिळून हार्वेचा हिशेब : एका ठोक्याला माणसाचं सुमारे ७० मिलिलीटर रक्त, आपला स्वतःचा आकडा, अर्धा तास. शरीरात असतं सुमारे पाच लिटर. गुणाकार त्या मुलांनी फळ्यावर करायचा.

आवरताना

'बाई, आता हे शिजवायचं का?' असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही. प्रयोगशाळेतली कात्री, शाई, मुलांचे हात लागलेलं मांस खायचं नाही, घरीही न्यायचं नाही, कुत्र्या-मांजरांनाही घालायचं नाही.

गावात असाल तर विहीर आणि नळापासून लांब दोन फूट खोल खड्डा आधीच खणून घ्या. अवशेष, वरून चुना, माती, आणि त्यावर जड दगड. नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात. शहरात वर्तमानपत्रात दुहेरी गुंडाळून त्याच संध्याकाळी ओल्या कचऱ्याच्या गाडीत, वर्गाच्या टोपलीत रात्रभर नाही. हातमोजे आतली बाजू बाहेर करून काढायला शिकवा.

कात्र्या आणि ताटं आधी साबणाच्या थंड पाण्याने. गरम पाण्याने रक्त चिकटून बसतं. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं. त्यात संडास साफ करायचं आम्ल किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. स्वच्छ पाण्याने विसळून लगेच पुसा, नाहीतर कात्र्यांना गंज चढतो. टेबलंही त्याच द्रावणाने. हात मात्र साध्या साबणाने, कोपरापर्यंत, मोजे घातले होते तरीही.

लोकरीचे धागे फेकून द्या, ते धुऊन स्वच्छ होत नाहीत. स्वेटरच्या सुया पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्या आणि 'प्रयोगशाळा' अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी शोधाव्या लागत नाहीत.